अंगावरचे डाग आणि राहून गेलेली कानाची तपासणी : मेनिंगोकॉकल संसर्गाचे एक प्रकरण

रुग्ण चार वर्षे दोन महिने वयाची मुलगी, वजन १४ किलो. आईवडील बीड जिल्ह्यातून दर हंगामात सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यात ऊसतोडीला येणारे. मुकादमाच्या हिशेबात दोघांचा मिळून एक ‘कोयता’. टोळीत असे अकरा कोयते होते आणि गावाबाहेरच्या पडीक रानात त्यांच्या कोप्या (झोपड्या) एकमेकींना लागून उभ्या होत्या. आठ बाय दहा फुटांच्या एका कोपीत ही मुलगी, तिची दहा वर्षांची बहीण, दीड वर्षाचा भाऊ, आईवडील आणि आजी असे सहा जण झोपत. महिना जानेवारीचा, ऐन गाळपाचा. मी तालुक्याच्या ठिकाणी बालरोगतज्ज्ञ आहे आणि या मुलीवर प्रथमोपचार करून तिला मिरजेच्या रुग्णालयात पाठवण्यापुरताच माझा वाटा होता, असे मी बरेच महिने समजत होतो. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील येथे गाळले आहेत.

पहिले वीस तास

ताप संध्याकाळी सातच्या सुमारास चढला. रात्री एक उलटी झाली आणि त्यानंतर मुलगी कण्हत पडून राहिली. पहाटे तीनला ट्रक भरण्यासाठी आला तेव्हा आईवडील फडात गेले आणि ती आजीजवळ राहिली. पुढे आजीने मला जे सांगितले त्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या होत्या. मुलगी ‘पाय दुखत्यात’ म्हणून रडत होती आणि पायाला कोणाला हात लावू देत नव्हती. शिवाय अंग भाजत असताना हातापायांचे तळवे मात्र, आजीच्या शब्दांत, ‘रांजणात बुडवल्यावानी गार’ होते. सकाळी नऊ वाजता वडिलांनी मुकादमाच्या मोटारसायकलवरून तिला जवळच्या गावातील एका दवाखान्यात नेले. तेथे व्हायरल ताप असे निदान होऊन तापाचे सिरप आणि एक इंजेक्शन मिळाले. पाय दुखण्याची आणि तळवे गार असण्याची नोंद त्या केसपेपरवर नाही. वडील पहाटेपासून कोपीत नव्हते आणि आजी दवाखान्यात आली नव्हती, त्यामुळे ते सांगणारे कोणी तेथे नव्हते.

त्या दवाखान्याला दोष देणे सोपे आहे, पण मला तसे करावेसे वाटत नाही. सकाळी नऊला तिची मान मऊ होती, अंगावर डाग नव्हते आणि ती हाक मारली की बघत होती. ब्रिटनमधील मेनिंगोकॉकल आजार (मेनिंगोकॉकस या जंतूमुळे रक्तात किंवा मेंदूच्या आवरणात होणारा संसर्ग) झालेल्या मुलांच्या नोंदींवरून २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले होते की, डाग, ताठ मान आणि गुंगी ही पुस्तकातील लक्षणे आजार सुरू झाल्यापासून साधारण १३ ते २२ तासांच्या दरम्यान प्रकट होतात, तर पाय दुखणे, हातपाय गार पडणे आणि कातडीचा रंग बदलणे ही लक्षणे सुमारे आठव्या तासाच्या आसपासच दिसू लागतात आणि जवळजवळ पाऊणपट मुलांमध्ये ती आढळतात. म्हणजे आजीने जे पाहिले ते या आजाराचे पहिले लक्षण होते आणि ते तिने बरोबर वेळेला पाहिले होते.

दुपारी बाराच्या सुमारास पोटावर आणि मांड्यांवर तांबडे ठिपके दिसले. शेजारच्या कोपीतील बाईने ‘देवी आल्या’ म्हणून कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवला. पायांवरच्या ठिपक्यांकडे तर कोणाचेच लक्ष गेले नाही, कारण फडाच्या कडेला खेळणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पायांवर उसाच्या पाल्याचे ओरखडे आणि डासांचे चावे असतातच. दोननंतर मुलगी हाकेला ओ देईना, तेव्हा आईने मोळ्या तशाच टाकल्या आणि तिला उचलले. माझ्याकडे ती सव्वातीनला पोहोचली.

काचेचा ग्लास

आल्या वेळच्या नोंदी अशा : ताप १०३, नाडी मिनिटाला १७६, श्वास ५०, रक्तदाब ७२/३६, नख दाबून सोडल्यावर रंग परतायला पाच सेकंद, रक्तातील साखर ४८. चार वर्षांच्या मुलात रक्तदाबाचा वरचा आकडा ७८च्या खाली गेला की तो घसरला असे धरतात. आणि मुलांमध्ये रक्तदाब घसरणे ही शॉकची, म्हणजे अवयवांना पुरेसे रक्त न पोहोचण्याची, शेवटची पायरी असते, पहिली नव्हे. मान तेव्हाही ताठ नव्हती. मेनिंगोकॉकसचे जंतू मेंदूच्या आवरणात न रेंगाळता थेट रक्तातच वाढू लागले की असे होते, आणि मान मऊ आहे म्हणून निश्चिंत होणे हीच तेव्हा सर्वांत महाग पडणारी चूक ठरते.

डागांविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण पुस्तकांतील छायाचित्रे बहुतेक गोऱ्या कातडीची असतात. सावळ्या आणि उन्हाने रापलेल्या पायांवर ओरखडा कोणता आणि कातडीखालचा रक्तस्राव कोणता हे ट्यूबलाइटखाली कळेना. टेबलावर चहाचा रिकामा ग्लास होता. तो विसळून त्याची बाजू मांडीवर दाबली. ओरखड्यांभोवतीची लाली काचेखाली नाहीशी झाली आणि त्यांच्या मधले सात-आठ ठिपके जसेच्या तसे राहिले. मग तळपाय पाहिले, खालची पापणी उलटून पाहिली, तोंडातील टाळू पाहिली. पापणीच्या आत टाचणीच्या टोकाएवढे तीन लाल ठिपके स्पष्ट होते. चड्डीच्या इलॅस्टिकखाली एक जांभळा डाग होता, रुपयाच्या नाण्याएवढा. माझ्या देखत पंधरा-वीस मिनिटांत त्याच्या शेजारी दुसरा उमटला. या आजारातील ही गती एकदा पाहिलेला डॉक्टर ती विसरत नाही.

असे का होते ते थोडक्यात सांगायचे तर, नायसेरिया मेनिंजायटिडिस, म्हणजेच मेनिंगोकॉकस, हा जंतू वाढताना आपल्या बाह्य आवरणाचे विषारी तुकडे रक्तात सोडतो. त्यांच्यामुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या गळू लागतात आणि त्याच वेळी त्यांच्या आत बारीक गुठळ्या धरू लागतात. गोठण्यासाठी लागणारे घटक या गुठळ्यांत संपून गेल्यामुळे इतरत्र रक्तस्राव होतो. कातडीवरील डाग हा त्याचा डोळ्यांना दिसणारा भाग. हेच बोटांच्या टोकांत, मूत्रपिंडांत आणि कधी अधिवृक्क ग्रंथींत चाललेले असते.

हाताच्या शिरा दोनदा प्रयत्न करूनही सापडल्या नाहीत. तिसऱ्यांदा शोधत न बसता नडगीच्या हाडात सुई घातली. आमच्या परिचारिकेने ते त्याआधी फक्त प्रशिक्षणातील पुतळ्यावर पाहिले होते, तरी तिने पाय घट्ट धरून ठेवला. रक्त कल्चरसाठी, म्हणजे त्यातील जंतू वाढवून पाहण्यासाठी, काढून लगेच सेफ्ट्रिॲक्सोन हे प्रतिजैविक किलोमागे १०० मिलिग्रॅम या हिशेबाने १.४ ग्रॅम दिले. सव्वातीनला आलेल्या मुलीला ते साडेतीनला मिळाले. ग्लुकोज दिले, सलाइन प्रथम २८० मिलिलिटर आणि यकृत खाली सरकत नाही ना (पाणी जास्त झाल्याची ती खूण) हे हाताने चाचपत पुन्हा १४० मिलिलिटर दिले. सलाइनच्या बाबतीत हात आखडता घेण्याला कारण आहे. पूर्व आफ्रिकेत झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, अतिदक्षता विभागाची सोय नसलेल्या रुग्णालयांत, भराभर सलाइन दिलेल्या मुलांमध्ये मृत्यू अधिक झाले होते. माझ्याकडे व्हेंटिलेटर नव्हता. त्यामुळे सलाइनच्या दुसऱ्या मात्रेनंतर रक्तदाब वाढवणाऱ्या ॲड्रेनालिनचे ड्रिप लवकर सुरू केले.

निदानाबद्दल मनात दोन पर्याय होते. डेंग्यूत प्लेटलेट कमी होतात, ठिपके येतात आणि शॉकही होतो. पण त्यातील शॉक सहसा चौथ्या-पाचव्या दिवशी, ताप उतरताना येतो. दुसरा पर्याय आमच्या भागात जास्त गंभीरपणे घ्यावा लागतो. सांगली-साताऱ्याकडे गोचिडांमुळे होणारा, रिकेट्सिया नावाच्या जंतूचा ताप आढळतो. त्यात तळहात-तळपायांवर पुरळ येते आणि बोटांची टोके काळीही पडतात, आणि ज्यांच्या कोपीला बैल बांधलेले असतात त्यांच्या मुलांत तो नाकारता येत नाही. त्याचे पुरळ मात्र तापाच्या तिसऱ्या ते पाचव्या दिवशी उमटते. वीस तासांत ताप, डाग आणि शॉक हे तिन्ही आले ते बहुतेक मेनिंगोकॉकसचेच, असे मानूनही डॉक्सिसायक्लिन जोडण्याचा निरोप मी मिरजेला दिला. सेफ्ट्रिॲक्सोन रिकेट्सियावर चालत नाही आणि तपासणीचे उत्तर येईपर्यंत थांबणे परवडणारे नव्हते. ते उत्तर पुढे निगेटिव्ह आले.

१०८ची रुग्णवाहिका सव्वाचारला निघाली. आष्ट्याच्या पुढे उसाच्या टायरगाड्यांमागे ती दहा मिनिटे अडकली, एवढे सोडले तर प्रवास नीट झाला.

मिरजेतील एकोणीस दिवस

तेथील उपचारांचा तपशील कार्डावर चांगला लिहिलेला आहे, म्हणून येथे थोडक्यातच. पाच दिवस व्हेंटिलेटर, प्लेटलेट ३८,००० पर्यंत खाली, दोन औषधे चालू असूनही रक्तदाब टिकेना म्हणून हायड्रोकॉर्टिसोन. रक्ताच्या कल्चरमध्ये ‘ए’ गटाचा मेनिंगोकॉकस वाढला. सेफ्ट्रिॲक्सोन त्याला लागू होते आणि ते सात दिवस दिले. पाठीच्या कण्यातील पाणी पहिल्या दिवशी शॉक आणि कमी प्लेटलेटमुळे काढले नाही, ते योग्यच झाले. चौथ्या दिवशी काढले तेव्हा त्यात जंतू नव्हते, पण पांढऱ्या पेशी वाढलेल्या होत्या. म्हणजे मेंदूच्या आवरणालाही सूज (मेंदूज्वर) येऊन गेली होती. या एका ओळीचे महत्त्व मला दहा महिन्यांनी कळले. डाव्या पायाची तीन बोटे काळी पडली होती. घाई न करता निर्जीव भागाची सीमा आपोआप ठरू द्यावी, असा शल्यचिकित्सकांचा सल्ला होता. एकोणिसाव्या दिवशी तिला घरी सोडले, तेव्हा कार्डावर निकालाच्या रकान्यात ‘सुधारणा’ असे लिहिले होते, आणि खाली, फेरतपासणीच्या औषधांच्या यादीनंतर, ‘चार आठवड्यांत श्रवण तपासणी’ अशी इंग्रजीत एक ओळ होती.

कोप्यांवर पहाटे चार वाजता

मेनिंगोकॉकस घशात मुक्काम करतो. निरोगी प्रौढांपैकी साधारण दहातल्या एकाच्या नाका-घशात तो काही अपाय न करता राहत असतो. खोकल्याच्या तुषारांतून आणि जवळच्या सहवासातून तो दुसऱ्याकडे जातो. रुग्णाच्या घरातील माणसांना आजार होण्याचा धोका इतरांच्या शेकडो पट असतो आणि तो पहिल्या काही दिवसांतच सर्वाधिक असतो, म्हणून प्रतिबंधक औषध शक्य तो २४ तासांच्या आत द्यायचे असते. कल्चरच्या उत्तराची वाट न पाहता मी त्याच संध्याकाळी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन केला. जिल्ह्याच्या साथरोग सर्वेक्षण विभागाला कळवणे त्यांनी केले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चार वाजता, टोळी फडात जाण्याआधी, आरोग्यसेवक, आशाताई आणि मी कोप्यांवर पोहोचलो.

औषध कोणते द्यायचे यावर रात्री थोडी चर्चा झाली होती. पुस्तकात रिफाम्पिसिन पहिले असते : दिवसातून दोनदा, दोन दिवस, म्हणजे चार मात्रा. क्षयरोग कार्यक्रमातील गोळ्यांत ते दुसऱ्या औषधांबरोबर एकत्र असल्याने त्या येथे उपयोगाच्या नव्हत्या आणि लहान मुलांचे सुटे सिरप मेडिकलमध्ये दोनच बाटल्या होते. पण खरी अडचण वेगळी होती. आई पहाटे जाते आणि अंधार पडल्यावर येते. चारपैकी किती मात्रा पोटात जातील याची खात्री कोणी द्यावी? म्हणून पंधरा वर्षांखालील मुलांना सेफ्ट्रिॲक्सोनचे १२५ मिलिग्रॅमचे एकच इंजेक्शन, टोळीतील एका गरोदर बाईला २५० मिलिग्रॅमचे, आणि इतर प्रौढांना सिप्रोफ्लॉक्सासिनची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी आमच्यासमोर, असे ठरवले.

कोणाला द्यायचे हा प्रश्न त्याहून अवघड निघाला. नियमाप्रमाणे एकाच छपराखाली राहणारे आणि मागच्या सात दिवसांत रुग्णाच्या अगदी जवळ तासन्‌तास असलेले. मुकादम म्हणाला, “साहेब, द्यायचं तर समद्यांना द्या, न्हाईतर टोळीत भांडणं लागतील.” त्याचे म्हणणे वैद्यकीयदृष्ट्या पूर्ण बरोबर नव्हते, सरसकट औषध वाटल्याने जंतूंमध्ये औषधाला दाद न देण्याची सवय वाढते. पण आमची यादीही पूर्ण बरोबर नव्हती, कारण दिवसभर ही मुलगी आपल्या कोपीत नसायचीच. तीन कोप्यांतील सात मुले एका म्हातारीकडे सोडून बाया फडात जात, आणि ती सगळी एकाच ताटात जेवत, एकाच गोधडीवर झोपत. शेवटी तीन कोप्यांतील सर्वांना आणि टोळीतील सर्व लहान मुलांना औषध दिले, बाकीच्या प्रौढांना दिले नाही. ताप, उलटी किंवा डाग दिसल्यास काय करायचे ते आशाताईंनी प्रत्येक कोपीत जाऊन सांगितले आणि पुढचे दहा दिवस त्या रोज संध्याकाळी तेथे गेल्या. दुसरा रुग्ण झाला नाही.

लसीचा प्रश्न त्या पहाटेच एका तरुण मजुराने विचारला. मेनिंगोकॉकसची लस भारतात उपलब्ध आहे, पण ती राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकात नाही. प्लीहा नसलेली किंवा प्रतिकारशक्तीचे विशिष्ट दोष असलेली मुले, हजयात्रेला जाणारे लोक अशा धोक्यातील गटांनाच ती दिली जाते. आपल्याकडे हा आजार एरवी तुरळक दिसतो आणि अधूनमधून साथ होऊन उसळतो. दिल्लीत १९६६, १९८५ आणि २००५ साली, नंतर २००८-०९ मध्ये मेघालय आणि त्रिपुरात अशा साथी झाल्या. आफ्रिकेत मात्र सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात ‘ए’ गटाचा आजार २०१० नंतर जवळजवळ नाहीसा झाला, तो ज्या लसीमुळे झाला ती पुण्यात बनते. तिच्या पुढची, पाच गटांवर चालणारी लसही पुण्याचीच. तिला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता २०२३ साली मिळाली आणि २०२४ मध्ये ती नायजेरियात प्रथम वापरली गेली. वाळव्याहून पुणे गाडीने चार तासांवर आहे. म्हणून सर्व ऊसतोड मुलांना लस द्या असे मी म्हणत नाही, तुरळक आजारासाठी ते गणित बसणार नाही. पण त्या तरुणाला उत्तर देताना मला अवघडल्यासारखे झाले हे खरे.

‘सुधारणा’ या शब्दानंतर

उपचार मिळूनही या आजारात दहातील एखादे मूल दगावते. रक्तातील संसर्ग आणि शॉक असेल तर प्रमाण त्याहून वाढते. जगलेल्यांपैकी १० ते २० टक्के मुलांना कायमचे काहीतरी राहते : ऐकू न येणे, बोटे किंवा अवयव गमावणे, कातडीवर व्रण, फेफरे, शिकण्यात अडचणी. हे आकडे मला पाठ आहेत. मुलगी मिरजेहून परतल्यावर ड्रेसिंगसाठी माझ्याकडे तीनदा आली. तिन्ही वेळा मी तिची बोटे पाहिली. दोन बोटांची टोके सुकून आपोआप गळाली, तिसरे वाचले, जखम स्वच्छ होती आणि मी समाधानी होतो. ती माझ्याशी बोलत नव्हती. एवढ्या सुया टोचलेले मूल डॉक्टरशी कशाला बोलेल, असे मी मानले. कार्डावरची ती इंग्रजी ओळ मी वाचली होती. तपासणी मिरजेला व्हायची होती, त्यामुळे ती तेथे होईल असे मी धरून चाललो, आणि मिरजेतील लोक ती माझ्याकडून पाठवली जाईल असे धरून चालले असावेत. तिच्या आईला ती ओळ कोणी वाचून दाखवली नव्हती.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपले, आणि टोळी बीडला परतली. मी मुकादमाला दोनदा फोन केला. पोरगी बरी आहे, खेळते, असे त्याने सांगितले आणि ते खोटे नव्हते.

नोव्हेंबरमध्ये टोळी पुन्हा आली. मुलगी पायाने किंचित तोल सांभाळत चालत होती. आई तिला खोकल्यासाठी घेऊन आली होती आणि बोलण्याच्या ओघात म्हणाली, “लई हट्टी झाली साहेब, हाक मारली तरी वळत न्हाई. बोलतीबी बोबडं, धाकट्यासारखं.” थोरली बहीण शेजारी उभी होती. तिने आईला मध्येच थांबवून सांगितले की, समोर जाऊन बोलले की हिला सगळे कळते, पाठीमागून काहीच कळत नाही. मी मुलीच्या पाठीमागे जाऊन स्टीलची ट्रे टेबलावर आपटली. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

श्रवण तपासणीत डावा कान जवळजवळ पूर्ण गेलेला आणि उजव्या कानात सुमारे ६५ डेसिबलपर्यंतची हानी आढळली. चार वर्षांपर्यंत शिकलेले शब्द तिच्याकडे होते, त्यांची टोके आता झिजू लागली होती. ‘स’ आणि ‘श’ जवळजवळ गेलेच होते. मेंदूज्वरानंतर आतल्या कानाच्या शंखात काही मुलांमध्ये हाड धरू लागते आणि तसे झाले तर कॉक्लिअर इम्प्लांटची (आतल्या कानात शस्त्रक्रियेने बसवायच्या श्रवण उपकरणाची) तार आत सरकवणे कठीण होते, म्हणून ही तपासणी चार आठवड्यांत करायची असते. स्कॅनमध्ये डाव्या बाजूला ते सुरू झालेले दिसले. उजव्या कानाला श्रवणयंत्र बसवले आणि तिचे नाव जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात नोंदवले. वाचाउपचारासाठी आठवड्यातून एकदा सांगलीला यायचे म्हणजे एका माणसाची एका दिवसाची तोड बुडते, आणि उचल (आगाऊ रक्कम) घेतलेल्या कोयत्याला ती कशी बुडवायची हे मुकादमाशी बोलून ठरवावे लागते. आतापर्यंत दहापैकी सहा वेळा ती गेली आहे. चार वेळा आजी घेऊन गेली.

आता आमच्या दवाखान्यात मेंदूज्वरातून किंवा मेनिंगोकॉकल शॉकमधून उठलेल्या मुलाच्या केसपेपरवर श्रवण तपासणीची तारीख पहिल्या पानावर, मराठीत, लाल शाईने लिहितो आणि कुटुंब कोणत्या महिन्यात गाव सोडणार हे तिच्या शेजारी विचारून लिहितो. ऊसतोडीची मुले असतील तर बीडकडील आरोग्य केंद्राला फोन करतो. हे करायला नवे काही लागत नाही.

मुलीचे यंत्र छोट्या बटणासारख्या बॅटरीवर चालते. ती आठवडा-दीड आठवडा पुरते आणि कोपीच्या आसपास कोठे मिळत नाही, म्हणून आई चार-सहा बॅटऱ्या मिश्रीच्या रिकाम्या डबीत ठेवते आणि डबी छपराच्या बांबूला टांगते, धाकट्याचा हात पोहोचू नये म्हणून. गिळली तर अशी बॅटरी घशात जाळते, हे तिला दोनदा सांगितले आहे. यंत्र फडाच्या धुळीने बंद पडते. थोरली बहीण ते रोज रात्री कोरड्या फडक्याने पुसते. पुढची तपासणी मार्चमध्ये होती, ती २० फेब्रुवारीला घेतली आहे, म्हणजे पट्टा पडण्याआधी होईल.